परसांतील बुगडी

चाकणजवळील आमच्या जुन्या घराची जागा गोदामासाठीं विकली गेली. ताबा देण्यास आठच दिवस उरले. त्या परसांत आमच्या लहानपणीं मातोश्रींची बुगडी हरवली होती. तिनें ती माहेरीं दिली, असा आजीचा संशय शेवटपर्यंत होता. आमचा पुतण्या पिंपरीस अभियंता आहे. त्यानें मित्राचें धातुशोधक यंत्र आणलें आणि आम्ही उभयतां परसांत उतरलों.

यंत्र भूमीजवळ नेतांच ओरडे, उचललें कीं गप्प. पडद्यावरील आंकडा एकदां बारा, लगेच चाळीस. "काका, ही धातूची नव्हे, मातीची ओरड," पुतण्या म्हणाला. दख्खनच्या काळ्या पाषाणांत मॅग्नेटाइट हें चुंबकीय खनिज असतें. पाषाण झिजला कीं तें मातींत उतरतें आणि यंत्राला धातूआधीं मातीच उत्तर देते. त्यांत शेजारच्या वर्कशॉपांतील खिळे आणि कीस! १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधतांना ग्रॅहॅम बेललाहि पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनीं चकविलें म्हणतात. मग आमची काय कथा!

पुतण्यानें निर्धातु जागा पाहून, तबकडी खालीं-वर हलवीत यंत्र मातीशीं जुळवून घेतलें. संवेदनशीलता उतरविली, खोली गेली, पण बडबड थांबली. लहान तबकडी लावली, कारण ती एका वेळीं थोडीच माती पाहते. ती दोन बोटें उंचीवर सारखी फिरवावयाची, आंकडा मिळाला कीं काटकोनांत वळून पुन्हां पाहावयाचें. दोन्ही वेळां तोच आला तरच कुदळ. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासूनहि हा नियम आम्हांस सुचला नव्हता. शेजारी मात्र कुंपणाशीं उभे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्याशीं झुंजलेल्या शाइस्तेखानाचा खजिना आम्ही उकरीत आहों, अशी त्यांची समजूत.

चौथ्या दिवशीं एक आंकडा दोन्ही दिशांनीं अढळ आला. छातींत धडधडूं लागलें. वीतभर खणल्यावर निघाला १९४४ चा भोकाचा पैसा.

त्या रात्रीं पुतण्या ओशाळून बोलला. गोंगाट टाळण्यासाठीं पहिल्या दिवशीं त्यानें यंत्राला लोखंड वगळावयास लाविलें होतें. अशा मातींत खोल गेलेलें बारीक सोनेंहि यंत्राला लोखंडच भासतें. आणि वृंदावनाभोंवतालची जागा, जेथें मातोश्री रोज बसत, ती आम्हीं त्याच दिवशीं पाहून सोडली होती. उरलेले दिवस तेथेंच घालविले. एक दाभण, दोन नाल, बाटलीचें टोपण.

ताबा दिला. जोडींतली दुसरी बुगडी आमच्या पेटींत आहे. भोकाचा पैसा तिच्याशेजारीं ठेवला आहे.