कडी

दिवाळीची यादी करायला घरची मंडळी बसली, की मला हमखास शाळेच्या समितीची सभा आठवते. यादी लांब, पैसे आखूड, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची वस्तू वर!

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पट ६३. २०१८ साली 'समग्र शिक्षा' योजना आली, तेव्हापासून शाळांना संयुक्त अनुदान मिळू लागले. रक्कम मुलांच्या संख्येवरून ठरते. ते गणित वर, दूर कुठेतरी होते. आमच्या वाट्याला २५,००० रुपये आले. त्यातूनच वीजबिल, खडू, दुरुस्ती. आणि निदान दशांश स्वच्छतेवर. कशाला किती, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवायचे. २००९ च्या कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया आणून बसवल्या. पण कायदा खुर्ची देतो; तोंड उघडायचे धैर्य कोण देणार?

त्या वर्षी मी यादी घरूनच करून नेली. भिंतींना रंग, म्हणजे साहेब खूश. उरल्या पैशांत पुस्तके, म्हणजे मी खूश! कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला दुसरे काय सुचणार? मी यादी वाचली, साऱ्यांनी माना डोलावल्या. सह्यांचे रजिस्टर फिरू लागले आणि एका बाईंपाशी अडले. त्या शेतातून तशाच आल्या होत्या. हाताची माती पदराला पुसत म्हणाल्या,

"गुरुजी, पोरींच्या संडासाला कडी न्हाई. म्हनून माझी पोर शाळंत पानीच पीत न्हाई."

मी गप्प झालो. ती मुलगी माझ्याच वर्गातली. दुपारी पेंगते म्हणून मी तिला कितीदा उभे केले होते!

नवे दार, कडी, पाण्याची टाकी यांत बरेच पैसे गेले. पुस्तके निम्मीच आली. भिंती तशाच राहिल्या. साहेबांनी भिंतींविषयी विचारलेच. मी त्यांना दार दाखवले.

यंदा घरची यादी करताना मी आधी आईला विचारले. "मला मेलीला काय हवंय?" ती नेहमीप्रमाणे म्हणाली. मी पेन खाली ठेवले नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "चष्म्याची काडी मोडलीय रे. जमलं तर बघ."

किती महिने ती दोरा बांधून चष्मा लावत होती, कोण जाणे!