न भेटलेल्या माणसांचं देणं

ज्यांचे उपकार मी आयुष्यभर वागवत आलो, त्यांतल्या बहुतेकांना मी कधी भेटलो नाही. एक विधान परिषदेचे सभापती होते, दोघे पुण्यातले अर्थशास्त्रज्ञ होते, एक वर्ध्याकडचा तरुण डॉक्टर होता. शिवाय शहरांतले लाखो नोकरदार, ज्यांच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात. या सगळ्यांच्या कामाचं एक टोक आमच्या घरातल्या भाकरीच्या टोपलीपर्यंत येऊन पोचलं होतं. मी अर्थशास्त्र शिकलो, पुढे शिकवलं, म्हणून ते टोक मला दिसलं तरी. आता हातून फार काही होण्याचं वय उरलं नाही, तेव्हा हे देणं निदान लिहून ठेवावं असं वाटतं.

माझं गाव माण तालुक्यात. आमच्याकडे पाऊस हा नेहमीच पाहुण्यासारखा. पण 1972 सालासारखा दुष्काळ गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. विहिरी आटल्या, कडबा संपला, बैलजोडी मातीमोल किमतीला गेली. वडील मुंबईला गोदीत होते. त्यांच्या मनीऑर्डरीवर घर भागेना. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

ते काम मी जवळून पाहिलं आहे. जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा, म्हणजे हातोडीखाली तो निसटत नाही. फुटलेली खडी सरळ कडांच्या ढिगात रचायची. मग कधीतरी टेप घेऊन माणूस येई, ढिगाची लांबी-रुंदी-उंची मोजी आणि ब्रासच्या हिशेबाने पैसे निघत. ढीग जरा ढासळलेला असला तर माप कमी भरे. म्हणून आई मोजणीच्या आदल्या संध्याकाळी हाताने कडा सारख्या करत बसे. आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो यायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती, पण भाकरी होती.

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती, हे मला फार पुढे, पुस्तकांतून कळलं. तीसच वर्षांपूर्वी, 1943 साली, बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली होती. महाराष्ट्रात पीक इतकं बुडूनही तसं घडलं नाही. का घडलं नाही, याचा अभ्यास ज्याँ द्रेझ यांनी केला. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात दुष्काळबळींचं मर्म सांगितलं: बाजारात धान्य असूनही ते घ्यायला हातात पैसा नसला की माणूस मरतो. ते वाचताना मला आमच्या गावचा आठवड्याचा बाजार आठवला. आईच्या पदराच्या गाठीला मजुरीचे पैसे होते, म्हणून वाण्याच्या दुकानातलं धान्य आमच्या घरात आलं. सेनांच्या सिद्धांताचा पुरावा मी लहानपणी जेवलो होतो.

पण हे आपोआप झालं नव्हतं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी नुसती भाषणातून मांडली नाही, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात 1965 साली करून पाहिली. थोडी गावं घ्यायची, तिथे कामाची गरज किती, कामं कोणती निघतात, खर्च किती येतो ते बघायचं, मग पुढचं पाऊल. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही योजना राज्यभर जाहीर झाली, ते वर्ष नेमकं 1972. पाऊस दगा देण्याआधी कोणीतरी छोट्या जागी प्रयोग करून ठेवला होता, याचं मोल दुष्काळात होरपळलेल्या घरालाच कळतं.

त्याच सुमारास पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ हे दोघे देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. माणसाला रोज 2250 उष्मांक मिळावेत एवढंच किमान धरलं, तरी 1960–61 मध्ये ग्रामीण भागातली सुमारे 40 टक्के आणि शहरांतली सुमारे 50 टक्के माणसं त्याच्या खाली होती, असं त्यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं. त्यावर त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता, काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यावं. गरिबी म्हणजे नशीब, आळस किंवा अडाणीपणा असं बोलण्याची सोय या आकड्यांनी काढून घेतली. माझी आई आळशी नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या दोघांनी ते देशाला पटेल अशा भाषेत सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

योजना सरकारच्या मर्जीवर चालते. कायदा झाला की मागणाऱ्याला हक्क मिळतो. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळालं पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळाला पाहिजे, असं त्यात लिहिलं गेलं. भत्ता दिवसाला एकच रुपया होता, पण काम न देणं हा सरकारचा दोष आहे अशी कबुली त्या रुपयात होती. पैशासाठी शहरांतल्या कमावत्या माणसांवर 1975 पासून व्यवसाय कर बसला आणि त्याच्या जोडीला राज्याने आपला वाटा घातला. मी प्राध्यापक झालो आणि पहिल्या पगारपत्रकात व्यवसाय कराची रक्कम कापलेली पाहिली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. कोणा अनोळखी कारकुनाने आमच्यासाठी भरला होता, तो मी आता दुसऱ्या कोणाच्या आईसाठी भरत होतो.

आता त्या डॉक्टरबद्दल. शेतमजुराचं किमान वेतन ठरवायला नेमलेल्या समितीने रोजाचे 4 रुपये सुचवले होते. समितीचे अध्यक्ष पागेच होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्याकडे काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी त्या 4 रुपयांमागचा हिशेब तपासायला घेतला. जड अंगमेहनत करणाऱ्याला खरोखर किती अन्न लागतं, त्याच्यावर घरातली किती तोंडं अवलंबून असतात, हे नीट धरलं तर आकडा 12 रुपयांपर्यंत जातो, असं त्यांनी दाखवलं. मजुरांच्या संघटनांच्या हाती ते गणित पडलं आणि मजुरीच्या लढ्याला त्याने बळ दिलं. पुढे दर वाढले. ज्यांच्यामुळे आमच्या घरी मजुरी आली, त्या पाग्यांच्याच समितीचं गणित दुसऱ्या एका प्रामाणिक माणसाने दुरुस्त केलं. मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेलं धोरणही तपासावं लागतं आणि ते तपासणारा त्याचा शत्रू नसतो, हे मी या प्रसंगातून शिकलो आणि विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो.

ज्यांना मी भेटलो, अशांत दोन माणसांचं ऋण सर्वांत मोठं आहे.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मी 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलो. पुढे पुण्यात मला मार्गदर्शक म्हणून एक सर लाभले. त्यांचं नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. रोजगार हमीच्या पाहणीसाठी त्यांनी मला माझ्याच तालुक्यात पाठवलं आणि जाताना सांगितलं, "प्रश्नावली आधी ज्याला ती विचारायची आहे त्याला दाखव." मी रात्री कंदिलाजवळ बसून आईला सगळे प्रश्न वाचून दाखवले. 'गेल्या वर्षी काम मिळाले काय? होय / नाही' या प्रश्नाला ती थांबली.

"ह्येचं उत्तर कसं देऊ रं? मिळालं तर. पर मागितल्यावर किती दिसानं? किती कोसावर? आन् पैसं कवा आलं? त्ये का इचारीत न्हाईस?"

मग तिने आणखी एक सांगितलं. बंधाऱ्याच्या कामावर चौकडी खणताना वरची वीतभर माती मऊ, खाली कठीण मुरूम लागायचा. मोजणीला येणारा चौकडीच्या काठावरून बघायचा आणि सगळीच मऊ माती धरायचा. दर मऊ मातीचा, घाम मुरमाचा. शिवाय खणणारे पुरुष आणि पाट्या वाहणाऱ्या बाया यांची मजुरी एकाच मापात जोडलेली. माती किती लांब टाकायची आहे, चढ किती आहे, हे लिहिलं गेलं नाही की बायांचे फेरे हिशेबातून गळायचे. मी ते सगळं तिच्याच शब्दांत टिपून घेतलं. सरांनी ते वाचलं, छापून आलेली प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मुदत, अंतर, पगाराचा उशीर, मातीचा प्रकार आणि वाहतूक असे नवे रकाने स्वतःच्या हाताने आखले. अहवालात, त्यांच्या आग्रहावरून, आभाराच्या पानावर पहिलं नाव माझ्या आईचं होतं. तिला सही येत नव्हती. ते पान तिने मला दोनदा वाचायला लावलं.

रोजगार हमीने आमच्या भागातला दुष्काळ संपवला, असं मी म्हणणार नाही. पगाराला उशीर होत राहिला, हजेरीपटावर नसलेली माणसं चढत राहिली, रस्त्यासाठी फोडलेली खडी कित्येक ठिकाणी तशीच पडून राहिली. पण यातल्या प्रत्येक दोषावर कोणी ना कोणी काम केलं. नुसते दगड फोडून पाणी थांबत नाही हे बहात्तरच्या दुष्काळाने दाखवल्यावर विलासराव साळुंखे यांनी 1974 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणलोटाचं आणि पाणी सारखं वाटून घेण्याचं काम उभं केलं. सुलभा ब्रह्मे यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास करून सिंचनाच्या नियोजनाचा प्रश्न ऐरणीवर आणला. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचले आणि खोटी नावं गावानेच पकडली. या जनसुनवायांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. 2005 साली तो अधिकार देशाला मिळाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अनुभवाच्या पायावर उभा असलेला ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संसदेने केला.

गुंतागुंतीचे सामाजिक प्रश्न एका हुशार माणसाच्या एका अहवालाने सुटत नाहीत, हे मी अशा रीतीने शिकलो. कोणीतरी लहान जागी करून पाहावं लागतं. कोणीतरी प्रामाणिकपणे मोजावं लागतं. मोजलेलं कायद्यात आणि अंदाजपत्रकात उतरवणारा राज्यकर्ता लागतो, आणि ते पुन्हा तपासणारा, न घाबरणारा अभ्यासक लागतो. या सगळ्यांच्या आधी, ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला विचारावं लागतं. यातला एकही दुवा निसटला तर कागद उरतो आणि माणूस उपाशी राहतो.

सामाजिक शास्त्रांत संशोधन करणाऱ्या, आणि तालुक्याच्या कचेरीत बसून योजना राबवणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. तुमची प्रश्नावली छापायला देण्याआधी एखाद्या मजूर बाईला वाचून दाखवा. ती जिथे थांबेल तिथे पेन काढा. आणि तुमचा अहवाल पुरा झाला की त्याची एक प्रत मराठीत, सोप्या भाषेत, तिच्या गावात नेऊन द्या. हे देणं माझ्या एकट्याने फिटणारं नाही. ते तुम्ही पुढे फेडायचं आहे.