पोलादपूरला थांबता ना?

मुंबईहून गावी जाणारे आमचे नातेवाईक पोलादपूरला थांबतात ते वडा-चहापुरते! मंडळी, हे तीन जिल्ह्यांच्या वेशीवरचं गाव. कशेडी चढलात की रत्नागिरी, आंबेनळी चढलात की सातारा. आंबेनळीच्याच वाटेवर प्रतापगड, जिथे १६५९ मध्ये अफजलखान मारला गेला. तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० मध्ये ते सिंहगडावर पडले. समाधी उमरठलाही आहे.

पण लष्कराशी नातं तिथेच संपलं नाही हो. शेजारच्या महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे घ्या. पहिल्या महायुद्धापासून घराघरांतून माणसं सैन्यात गेली, म्हणून नावातच 'फौजी'. सगळेच काही शौर्यापायी गेले नसतील. डोंगरउतारावरची भात-नाचणी वर्षभर पुरते थोडीच? मी शिकवत होतो तेव्हा वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील फौजेत. पालकसभेला आयाच यायच्या. एक मुलगा म्हणाला होता, "गुरुजी, बाबा सुट्टीवर आले की दोन दिवस मला त्यांची लाज वाटते." तोवर ओळख पटायची, आणि मग सुट्टी संपायची...

पुढच्या खेपेस वडा खाऊन झाला की उमरठला जाऊन या. परतताना आंबवड्यालाही. वाट कोणीही सांगेल.