वाऱ्याची साक्ष

आमचें बिऱ्हाड बदलापुरास. फाल्गुन-चैत्रांत पूर्वेचा तापलेला वारा येथें दुपारपर्यंत अंग भाजून काढतो. मग केव्हां तरी मलंगगडाच्या बाजूनें समुद्राची झुळूक येते. ती मुंबईस आधीं पोंचते, आम्हांस उशिरा. गच्चीवर पापड घालणाऱ्या आमच्या मातोश्रींस तिची चाहूल प्रथम लागते. त्या पापडांवर खडे ठेवूं लागल्या, कीं वारा फिरला असें आम्हीं समजावें.

माझ्या पुतण्यास पॅराग्लायडिंगचा, म्हणजे कापडी पंखानें डोंगरावरून उडण्याचा, नाद आहे. गेल्या फाल्गुनांत त्याजबरोबर मीही घाट चढून कामशेतास गेलों. पवना धरणाभोंवतालच्या डोंगरांवर पावसाळा सोडून हीं उड्डाणें चालतात. निघतांना त्यानें मोबाईल पुढें केला: वारा पश्चिमेचा, ताशीं १४ किलोमीटर. "काका, असा दिवस पुन्हा यावयाचा नाहीं!"

माथ्यावर पाहतों तों गवत एकदम आडवें होई, क्षणभर स्तब्ध राही, पुन्हा झोत येई. वारा मोजण्याचें लहान यंत्र १५ वरून २८ वर उडी घेई. शिक्षकांनीं मान हालविली. पुतण्या हिरमुसला; आणि वाचकांपासून काय लपवावें, "इतके लांब आलों आहोंत, एकवार पहावें," असें मीच बोलून गेलों. शिक्षक नुसते हंसले व पंखाची घडी घालूं लागले.

पुढें थोडें वाचल्यावर माझी चूक मला उमगली. अंदाज खोटा नव्हता; तो त्या कड्याविषयीं नव्हताच. युरोपीय केंद्राचें गणित सुमारें ९ किलोमीटरांच्या चौकटींनीं पृथ्वी पाहतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, मे २०२५ मध्यें सुरू झालेली, भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरांच्या. एका चौकटींत डोंगर, दरी व तळें यांची सरासरी होते. कडा सपाट होऊन जातो. प्रत्यक्षांत माथ्यावर वाऱ्याचा वेग वाढतो, खिंडींत अधिकच, आणि पाठीमागच्या उतारावर भोंवरे उठतात. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो. पंखाचा स्वतःचा वेग ताशीं सुमारें ३५ किलोमीटर. समोरचा वारा त्याहून वाढला, कीं माणूस मागें, त्याच भोंवऱ्यांत लोटला जातो.

म्हणून अंदाज टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. दोन-तीन अंदाज परस्परांशीं जुळतात का, सरासरीहून झोत किती अधिक, वरच्या थरांतील वारा कसा, हें घरीं अवश्य पहावें. त्यावरून घर सोडावें कीं नाहीं, एवढें ठरतें. पाय उचलावा कीं नाहीं, हें मात्र माथ्यावर अर्धा तास बसून गवतास, धुरास, घारींस व तळ्यावरील लहरींस विचारावें. आणि प्रवासाचा खर्च त्या विचारांत मुळींच येऊं देऊं नये.

कर्जत येईपर्यंत पुतण्या बोलला नाहीं. घरीं मातोश्रींनीं विचारलें, "उडलास का रे?"

"नाहीं आजी, वाऱ्याचे झोत फार होते."

"मग बरें केलेंत," म्हणून त्यांनीं पानें घेतलीं.