पाहुणे जेवायला येणार म्हणून

भाकरी हा शब्द माझ्या सतरा कवितांत आहे. मोजून सांगतो. पण तुला भाकरी थापता येते का, हे आजवर एकाही संपादकाने विचारलं नाही. येते. तव्यावर टाकताना मोडते, एवढंच.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. चात्या फिरत असताना तुटलेली तार बोटाने सांधायची, हे माझं काम. ते मी झोपेतही करीन. तिसऱ्या पाळीला करतोच. ही बोटं तिथं चुकत नाहीत आणि परातीत पीठ आलं की परक्याची होतात. खोलीवर आम्ही दोघं. रोजचं आमचं भागतं. भात, अंडी, पिठलं. पोटाला कोण मार्क देत नाही. पण बाहेरचा माणूस जेवायला येणार म्हटलं की मिठाचा डबासुद्धा परीक्षकासारखा बघायला लागतो.

झालं असं की एका कॉलेजातल्या सरांनी माझ्या कविता वाचल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, एकदा तुझ्या हातचं जेवायला येणार. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सर आणि त्यांच्या मॅडम असे दोघं. मग मला वाटलं, आपल्या खात्यातल्या जॉबर मामांनाही बोलवावं. चार वर्षं कँटीनला एका बाकड्यावर चहा पितो. तार सांधायला त्यांनीच शिकवलं. जात वेगळी, वरची. ते म्हणाले, "येतो की. तू काय करणार पण?"

काय करणार, हाच तर प्रश्न.

आईला फोन लावला. ती गावाकडं असते, मंगळवेढ्याच्या बाजूला. म्हटलं, वजडी करतो.

"आरं येडा हाईस का? पावण्याला वजडी घालत्यात व्हय? बटाट्याची भाजी कर. चपात्या इकत आण. त्यास्नी चालंल आसं कर."

हे कोण बोलतंय? जिच्या वजडीचा वास आला की सबंध वाडा वाट्या घेऊन दारात यायचा, ती. मी चौथीत असताना शाळेतले एक गुरुजी घरी आले होते. तिने शेजारून कपबशी आणली, दुकानातून पुडा आणला, चहात दूध जास्त घातलं. गुरुजी पाऊण तास बोलले. चांगलं बोलले, पोरगा हुशार आहे म्हणाले. चहावर साय धरली. कप भिंतीकडेला तसाच ठेवून ते उठले. आईने मला विचारलं, "साखर कमी पडली आसंल का रं?"

आता तुम्हीच सांगा, ह्या बाईला स्वयंपाकाचा आत्मविश्वास नव्हता असं म्हणायचं का? पांढरपेशा बाईला पाहुण्यांची धास्ती वाटते ती पुरी फुगेल का, श्रीखंड आंबट होईल का, ह्याची. तिची धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती पुरीवर सुरू होऊन पुरीवर संपते. आमच्याकडे पदार्थ उत्तम होऊनही निकाल दुसऱ्याच कागदावर लागलेला असतो.

मंगळवेढा चोखोबांचं गाव. विठ्ठल त्यांच्याकडे जेवायला बसला आणि सोयराबाईच्या हातून दही त्याच्या पितांबरावर सांडलं, अशी कथा सांगतात. पुढं पुजाऱ्याने चोखोबांना मारलं वगैरे. कीर्तनकार तिथं रडवतात. मी अडकतो दह्यापाशी. बाईचा हात का हलला असेल? तसंच कोल्हापूरचं. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, आणि शाहू महाराज आपली गाडी त्या दारात थांबवून चहा घ्यायचे, बरोबरच्या वरच्या जातींच्या लोकांनाही घ्यायला लावायचे. १९२२ ला महाराज गेले, त्याच्या आधीची ही गोष्ट. महाराजांवर भाषणं पुष्कळ ऐकली. पहिल्या दिवशी गंगारामांनी साखर किती घातली असेल, दोनदा चाखून पाहिली असेल का, ह्यावर कोणी बोलत नाही.

असो. शिकायचं तर पुस्तकातून, अशी मला सवय. शाळा सुटल्यावर सगळं पुस्तकातूनच शिकलो. रद्दीत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' मिळालं. १९७० साली निघालेलं. वाटी-चमच्याचं प्रमाण सांगते बाई, माझ्यासारख्या अडाण्याला सोयीचं. पण ते स्वयंपाकघर आमचं नव्हे. आमच्या चुलीवरचं वाचायला मला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हातात यावं लागलं. ते आलं २०१५ साली. ह्या दोन सालांमधली वर्षं मोजा. आमच्या आया ह्या मधल्या काळात रोज रांधत होत्या, पण छापायला कुणी विचारलं नाही. पाटोळ्यांच्या पुस्तकात मांग-महारांचं सगळं आहे, वाया जाऊ न देण्याची अक्कल आहे. वाचताना मी दोन वेळा उठून पाणी प्यालो.

त्याच २०१५ साली राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. म्हशी-रेड्याला नाही. तरी आईने पत्र्यावर चान्या वाळत घालायचं सोडलं. कायदा वाचून नाही. शेजाऱ्याची नजर वाचून. म्हणून ते मी ताटात आणलं नाही. वजडी बोकडाची. ठरलं म्हणजे ठरलं. मॅडम मांसाहार करत नाहीत, त्यांना पिठलं.

वजडी कळकट असते. गरम पाणी, चुना, पुन्हा पाणी, पुन्हा खरवडणं, पांढरी दिसेस्तोवर. दोन तास गेले. बारीक तुकडे केले. कांदा आणि सुकं खोबरं जाळावर भाजून वाटलं, काळं तिखट, आणि आईने पाठवलेला येसर. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं. मऊ लागेपर्यंत शिजवायची, एवढं एकच प्रमाण. तिखट मात्र हात राखून घातलं, सरांसाठी. भाकरीसाठी शेजारच्या आक्कांनी पीठ बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याची विरी गेलीया. म्हैनाभर ठेवलंस व्हय? ताजं दळून आण." आणलं. आधणाचं पाणी घालून मळलं. पाचातल्या तीन अखंड निघाल्या. दोन मोडक्या मी माझ्या ताटाखाली घेतल्या.

तिघं आले. आधी सर-मॅडम, मग मामा, धुतलेला शर्ट घालून. खोलीत पाच माणसं म्हणजे गुडघ्याला गुडघा. सरांनी ताटाचा फोटो काढला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, वा, काय अस्सल चव! मग पुढं प्रत्येक घासाला वा. भाकरीला वा, पाण्याला वा. माणूस भला. त्यांनी पोटभर खाल्लं, हे खरं. पण मला मघाशी नव्हती तेवढी धाकधूक आता व्हायला लागली. वाटलं, माझ्या कवितांनाही हे असंच वा म्हणतात का? मॅडम बऱ्या. गुपचूप पिठलं संपवून म्हणाल्या, "अजून आहे का?"

मामा ताटाकडे बघत बसलेले. हात मांडीवर. मला पुढची वाक्यं पाठ आहेत. घरून खाऊन आलो. आज वार आहे. पोट जरा बरं नाही. ह्यातलं कुठलं येणार एवढंच बघायचं होतं. माझ्या पाठीला घाम. मामांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, चावली. बराच वेळ चावली.

"लेका, तिखट कमी पडलंय."

"सरांसाठी कमी घातलं, मामा."

"सर हाईत म्हणून आम्ही पांचट खायाचं काय? ठेचा हाय का? कांदा फोड एक. आणि वजडीला अजून दोन शिट्ट्या पायजे होत्या."

मी म्हणालो, शिट्ट्या भरपूर झाल्यात, तुमचे दात गेलेत. ते हसले. मी कांदा बुक्कीने फोडला. ठेचा नव्हता, तव्यावर मिरच्या भाजून मीठ घालून तांब्याच्या बुडाने ठेचल्या. मामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. स्वतःच्या हाताने, पातेल्यातून. सर वजडीतल्या अस्मितेवर काहीतरी सांगत होते. माझं लक्ष त्या पातेल्यातल्या पळीकडे होतं.

रात्री आईला फोन केला. तिने पहिलं विचारलं, "खाल्लं का?" म्हटलं, खाल्लं, मामांनी दोनदा. ती गप्प. मग म्हणाली, "तिखट बरूबर झालतं का?" म्हटलं, कमी पडलं म्हणाले. तर बाई खूश झाली. "मग! येसर हाय म्हून तिखट राखायचं नसतं," म्हणून अर्धा तास शिकवत राहिली.

ह्याला सहा महिने झाले. खात्यात मामा अजून लोकांना सांगतात, हा वजडी करतो, पण हात मिळमिळीत. मी ऐकून घेतो. त्यांच्या घरी मी अजून जेवलेलो नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलोय, पगाराच्या कागदासाठी. दोन्ही वेळा ते बाहेर आले आणि आम्ही टपरीवर चहा घेतला. पैसे त्यांनीच दिले.