कासवीची नजर

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर, सभामंडपाच्या फरशीत, दगडी कासव बसविलेले असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिली आहे. त्यामुळे की काय, कासव म्हणजे काही न मागणारा आणि काही न लागणारा जीव, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. साधकाला ती उपकारक असेल. परंतु घरी पाळलेल्या कासवाच्या पिलाच्या ती जिवावर बेतते.

आमच्या ग्वाल्हेरच्या घरी असे एक पिल्लू आहे. आपल्याकडील, पाठीवर चांदण्या असलेले कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. आमचे पिल्लू आफ्रिकेतील सुलकाटा जातीचे. अशा विदेशी प्राण्यांसाठी २०२२ च्या कायदादुरुस्तीने आवश्यक ठरलेली नोंदणी माझ्या मुलाने आधीच करून घेतली आहे.

येणारे जाणारे विचारतात, "काका, हे सहाराकडचे ना? मग याला पाणी कशाला?" प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु मायभूमीत हे कासव प्रखर ऊन टाळून खोल बिळात शिरते, आणि तेथील हवेत मातीची ओल असते. दिवाणखान्यात पंख्याखाली ठेवलेल्या पिलाला ते बीळ कोठून मिळणार? शिवाय, देह जितका लहान तितके त्यातील पाणी लवकर आटते. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व लू वाहू लागते, तेव्हा तर बोलावयासच नको.

म्हणून रोज सकाळी परातीत कोमट पाणी घेऊन त्यात पिलाला १५-२० मिनिटे ठेवावे. पाणी इतके उथळ असावे की मान सहज वर राहील. त्यात ते मान लांबवून पाणी पिते, मलमूत्रही तेथेच सोडते. नंतर पुसून कोरडे करावे. त्याच्या जागेत एक मडके पालथे घालून, तोंड ठेवून, आत ओलसर काथ्या पसरावा. मात्र ओलीबरोबर ऊबही हवी, नाहीतर छातीचा विकार जडतो. खाण्यास गवत, जास्वंदीची पाने व फुले द्यावीत. भात, पोळी, दूध देऊ नये. समुद्रफेस जवळ ठेवावा. काचेआडचे ऊन त्याच्या हाडांच्या उपयोगी नाही. अंगणातले कोवळे ऊन हवे, आणि जवळच सावली.

अशा कासवांच्या पाठीवर पुष्कळदा मनोऱ्यांसारखे उंचवटे येतात. हा दोष फाजील प्रथिनांचा, असे पूर्वी मानीत. याच जातीच्या पिलांवर केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या हवेचा वाटाच मोठा ठरला.

कासवी नुसत्या नजरेने पिले पोसते, असे संतवाङ्मयात म्हटले आहे. वास्तविक मादी अंडी मातीत पुरून निघून जाते. पिल्लू जन्मास येते ते पोरकेच. परंतु म्हणून तो दृष्टान्त मला खोटा वाटत नाही. ती नजर पाळणाऱ्याकडे आली, इतकेच. मांजर ओरडून मागते. कासव तहानेने व्याकूळ झाले तरी फक्त मान आत घेते, आणि आपण त्याला शांत म्हणतो.

माझी नात दर रविवारी पिल्लू स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवते व वजन वहीत लिहिते. डोळे खोल गेले आहेत काय, मूत्राबरोबर पडणारा पांढरा अंश मऊ आहे की वाळूसारखा खरखरीत, हे पाहते. गेल्या ज्येष्ठात लागोपाठ दोन रविवारी वजन घटलेले तिलाच प्रथम दिसले. तिने संध्याकाळीही परात मांडावयास सुरुवात केली, पशुवैद्यांनाही दाखवून आणले. तिसऱ्या आठवड्यात काटा पुन्हा वर चढला.

मोठेपणी हे कासव ४० किलोंच्याही वर जाते आणि कित्येक दशके जगते. मी काही त्याच्याइतका जगणार नाही. म्हणून वही नातीच्या हाती आहे, याचे मला समाधान वाटते.