तंबूतली रात्र आणि दहा दिवसांनी आलेला ताप

पाऊस ओसरला की नागपूरकरांची पावले पारशिवनीकडे वळतात. नवेगाव खैरीचा जलाशय, कुवारा भिवसेनचे देवस्थान, कोलितमाऱ्याची बोटिंग. कुणी गोवऱ्यांवर रोडगे भाजतात, कुणी डबे घेऊन जातात. आता काठाजवळ तंबूत मुक्काम करण्याची हौसही वाढली आहे. मला स्वतःला ही हौस आहे, त्यामुळे 'जाऊ नका' असे मी तुम्हाला सांगणार नाही. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथले चांदणे पाहिलेच पाहिजे.

पण तुम्ही वाघाची चौकशी करता, तशी गवतातल्या एका किड्याचीही करा. चिगर म्हणजे माइट या किड्याची अळी. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना सहज दिसत नाही. गवतात बसलो, झुडपांतून चाललो की ती अंगावर चढते. तिचा चावा बहुधा कळतही नाही. या अळीत जंतू असतील, तर साधारण सहा ते एकवीस दिवसांत स्क्रब टायफस होऊ शकतो. नाव सारखे वाटले तरी हा टायफॉइड नव्हे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात याची साथ आली होती आणि त्यात रुग्ण दगावलेही.

ताप येईपर्यंत सहल विसरलेली असते, ही खरी अडचण. थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, रक्त तपासले तर प्लेटलेट कमी. मग घरचे म्हणतात, डेंग्यूच असेल. कुणी मेडिकलमधून गोळ्या आणून चार दिवस काढतो. ओपीडीत मी विचारतो, "गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होतात?" उत्तर येते, "कुठेच नाही डॉक्टर, फक्त पिकनिकला." ते 'फक्त'च मला हवे असते!

अशा वेळी आम्ही अंगावर एक खूण शोधतो. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, काख, जांघ, कमरेचा पट्टा अशा झाकलेल्या जागी. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला माहीतही नसते. मात्र खपली नसली म्हणजे आजार नाही, असे समजू नका. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे दाट शंका असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकते. औषध मात्र मनाने घेऊ नका. नेहमीची काही अँटिबायोटिक्स या जंतूवर चालत नाहीत.

जाताना एवढे करा:
• पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा.
• गवतावर थेट बसू-झोपू नका, ओले कपडे झुडपांवर वाळत घालू नका.
• कीटक दूर ठेवणारे मलम लावा. परतल्यावर साबणाने आंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात धुवा.
• तंबूची चेन बंद ठेवा. मण्यारचा दंश झोपेत कळत नाही. पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या तर थेट रुग्णालय गाठा.
• जलाशयाच्या अनोळखी पाण्यात उतरू नका.

आणि परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिले वाक्य हेच बोला : "डॉक्टर, मी अमुक तारखेला जंगलात मुक्कामाला होतो."